एरंडीचं बी

कासोद्याच्या उखर्डू महाजनांची मोगरी
मान वर करून उभी राहिली,
कानामागे बोट घालू दिलं.
तिथे होत्या त्या,
पंगतीला बसल्यासारख्या, माना घालून, गप्प.

मी एक निवडली, सगळ्यात टपोरी.
हिसका द्यायचा नसतो. तोंड आत तुटून राहतं,
मग चिघळतं, माशी बसते, अळ्या पडतात.
चिमटा कातडीला टेकवून
हळूच, सरळ वर.
मोगरीनं कान फडकावला, एवढंच.

"तीनदा मारलं औषध," महाजन म्हणाले,
"तिसऱ्यांदा डबल. कपाशीच्याच पंपानं.
गाय दोन दिवस चाऱ्याला तोंड लावेना.
ह्या मात्र जशाच्या तशा."
मी वहीत लिहिलं: तीनदा. दुप्पट. पंप.
पंपाखाली रेघ मारली.

काचेची नळी, तिला कापसाचं बूच,
कापूस त्यांच्याच शेतातला, ह्या वेचणीचा.
नळी रुमालात, रुमाल पर्समध्ये.

एरंडोलच्या स्टँडवर गाडी उभी असताना
सुटे पैसे काढायला गेले
आणि बूच निघालं.
ती घरंगळली शेजारच्या आजींच्या लुगड्यावर.
आजींनी उचलून तळहातावर घेतली:
राखाडी, चकचकीत, एका टोकाला निमुळती.
"एरंडी शे," म्हणाल्या. "बांधवर लावसू."
त्यांचं काय चुकलं?
ज्या गावाचं नावच एरंडावरून पडलं म्हणतात
तिथे असं बी कुणाच्याही ओटीत पडावं.

मग बी चालू लागलं.

"अय माय वं! हाई ते गोचीड शे!"
पुढची दोन बाकडी उठून उभी राहिली.
कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट लागेल.
मी हात पुढे केला, माफी मागायला तोंड उघडलं,
पण आजींनी ती झटकली नव्हती.
नखाखाली चिरडलीही नव्हती,
जन्मभर चिरडत आल्या असतील तशी.
खिडकीच्या उजेडाकडे धरून बघत होत्या.
मग आवाज खाली आणून,
बसमधल्या पुरुषांना ऐकू जाऊ नये इतका,
"पोटुशी शे वं," म्हणाल्या,
आणि स्वतःच नळीत सोडली.

जळगावला तिला औषधात बुडवलं,
पाच मिनिटं, घड्याळ लावून.
टिपकागदावर वाळवलं. बशीत ठेवलं.
चौथ्या दिवशी तिनं सुरुवात केली.
भिंगाखाली दिसायचं:
एकेक अंडं डोक्यापुढे घ्यायची,
मेण चोपडायची,
बाजूला सारायची, पुढचं घ्यायची.
कीर्तनात हिला उदाहरणादाखलच उभं करतात,
कासेजवळ राहून दुधाला मुकलेली म्हणून.
मेणाचं कुणी सांगत नाही.
दोन हजारांवर माझी मोजणी थांबली.
ती थांबली नाही.

अठराव्या दिवशी बशीत
तपकिरी खसखशीचा ढीग होता
आणि ढिगाच्या कडेला रिकाम्या चंचीसारखी ती.

महाजनांना फोन लावला.
ते औषध बंद. दुसरं देते, मापानं.
गोठ्याच्या भिंतीच्या फटी लिंपून घ्या.
आणि तो पंप गाईजवळ आणू नका, तुमच्या पाया पडते.
"मंग ती मेली का?"
मेली.
"औषधानं?"
नाही. बाळंतपणानं.
पलीकडे बराच वेळ नुसता गोठ्याचा आवाज,
साखळी, शेपटी, पत्र्यावर काहीतरी.
"बरं," म्हणाले.

अंडी नळीत भरून ठेवली होती, फळीवर.
परवा ती फुटली.
जन्मताना पाय सहाच असतात,
उरलेले दोन नंतर येतात, पोट भरल्यावर.
काचेला आतून चिकटून सगळे
स्वस्थ, धुळीसारखे.
मेले असतील वाटून मी तोंड जवळ नेलं
आणि नकळत श्वास सोडला.

दोन हजारांनी एकदम
पुढचे पाय वर केले.

मी बूच दाबून बसवलं.
कापूस अजून महाजनांचाच.